लाघवी आणि मनमोकळे मूल : पहिल्या तीन वर्षांचे संगोपन

पाहुणा दारात आला की आमची मुलगी पदराआड दडते, कोणाशी बोलत नाही, तिला धीट कसे करावे, असा प्रश्न बालसंगोपनाच्या जवळजवळ प्रत्येक सभेत एखादी माता विचारतेच. त्याच सभेत दुसरी एखादी आजी अभिमानाने सांगते की, आमचा नातू कोणाच्याही कडेवर जातो, अगदी मासळीवालीच्यासुद्धा. पहिलीच्या स्वरात काळजी असते, दुसरीच्या स्वरात समाधान. वस्तुतः या दोन विधानांवरून त्या त्या बालकाच्या मनाची घडण कशी होत आहे, हे सांगताच येत नाही. पदराआड दडणारी ती मुलगी पाच मिनिटांनी पाहुण्याच्या हातातील पिशवी उघडून पाहत असेल तर तिची काळजी करण्याचे कारण नाही. उलट, कोणाच्याही कडेवर जाणारा तो नातू ठेच लागून पडल्यावर नेमका कोणाकडे धावतो, हे आजीला विचारावयास हवे.

प्रस्तुत लेखात एक ते तीन वर्षे वयाच्या बालकांचाच विचार केला आहे. या वयात मूल चालू लागते, बोलू लागते, ‘मी’ आणि ‘माझे’ हे शब्द शिकते आणि आईच्या कुशीतून निघून अंगणाच्या फाटकापर्यंत जाऊन येते. फाटकापर्यंतची ही फेरी दिसते तेवढी लहान नसते. मूल किती दूर जाते, किती वेळा मागे वळून पाहते आणि भ्याल्यावर कोणाकडे परत येते, हे पाहत राहिले म्हणजे त्याच्याविषयी बरेच काही समजते.

जवळ घेतल्याने मूल बिघडते काय?

मुलाला सारखे उचलून घेतले तर त्याला अंगाची सवय लागते, रडते तर रडू द्यावे, अशी समजूत आपल्याकडे आहे. ही समजूत केवळ आपल्या आजीबाईंचीच होती असे नव्हे. जॉन वॉटसन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९२८ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात मुलांना कुरवाळू नये, मांडीवर बसवू नये, सकाळी भेटल्यावर हस्तांदोलन करावे, असा उपदेश केला होता. आज तो वाचताना हसू येते. पण त्या काळच्या सुशिक्षित माता तो गांभीर्याने वाचीत.

पुढील तीस वर्षांत हे मत मागे पडले. जागतिक आरोग्य संघटनेसाठी जॉन बौल्बी या ब्रिटिश मनोवैद्यांनी १९५१ साली एक अहवाल लिहिला. बालवयात माणसाचा निकट व सातत्याचा सहवास मिळणे हे मानसिक आरोग्यासाठी अत्यावश्यक आहे, असे त्यात त्यांनी मांडले. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात हॅरी हार्लो यांनी माकडांच्या पिल्लांवर केलेले प्रयोग १९५८ साली प्रसिद्ध झाले. पिल्लाच्या पिंजऱ्यात दोन खोट्या ‘आया’ ठेवल्या होत्या, एक नुसत्या तारेची व दुसरी मऊ कापडाने मढविलेली. दूध तारेच्या आईकडे असले तरी पिल्ले बहुतेक वेळ कापडी आईलाच बिलगून राहत. दूध देणारी ती आई, असे सरळ समीकरण मानणाऱ्यांना हा धक्काच होता. त्याहून बोधप्रद गोष्ट पुढे घडली. पिंजऱ्यात ढोल वाजवणारे चावीचे अस्वल सोडले तेव्हा पिल्लू घाबरून कापडी आईकडे धावले, तिला घट्ट बिलगले आणि भीती ओसरल्यावर तेथूनच त्या अस्वलाकडे कुतूहलाने पाहू लागले. धीटपणा त्याला मायेच्या स्पर्शातून मिळाला होता.

माणसाच्या बाळांविषयीचे पुरावे याच दिशेचे आहेत. मेरी एन्सवर्थ या विदुषींनी प्रथम युगांडातील खेड्यांत व नंतर अमेरिकेतील बाल्टिमोर येथे मातांचा आणि बाळांचा घरी जाऊन दीर्घकाळ अभ्यास केला. सिल्व्हिया बेल यांच्यासह त्यांनी १९७२ साली असे दाखविले की, ज्या बाळांच्या रडण्याला माता तत्परतेने प्रतिसाद देत, ती बाळे वर्षअखेरीस इतरांपेक्षा कमी रडत. तत्परता म्हणजे प्रत्येक हट्ट पुरविणे नव्हे, हा भेद मात्र ध्यानी ठेवावा. विळीकडे जाणाऱ्या हाताला ‘नाही’ म्हणणे आणि त्यामुळे रडणाऱ्या मुलाला जवळ घेणे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी करता येतात, आणि कराव्यात.

आपल्या घरांत आजी, आत्या, काका अशी बरीच माणसे असतात; मग मुलाचा लळा विभागला जातो काय, अशी शंका काही तरुण मातांना येते. ग्लासगो येथील साठ बाळांचा अभ्यास करून शॅफर व इमर्सन यांनी १९६४ साली नोंदविले की, अठरा महिन्यांच्या वयास केवळ एकाच व्यक्तीचा लळा असलेली बाळे १३ टक्केच होती. बाकीच्यांना आईबरोबर वडील, आजी, आजोबा किंवा शेजारीण अशा एकाहून अधिक व्यक्तींचा लळा लागला होता. तेव्हा नातवंडाला आजीची ओढ लागली म्हणून सुनेने मनाला लावून घेऊ नये, आणि आजीनेही ‘तुला आई आवडते की मी?’ हा प्रश्न मुलाला विचारू नये. या प्रश्नाला मुलाने कोणतेही उत्तर दिले तरी कोणाचे तरी मन दुखावते, हे दोन वर्षांच्या मुलालाही समजते.

परक्याची भीती आणि जन्मजात प्रकृती

सातव्या-आठव्या महिन्यापर्यंत सर्वांना हसून दाखविणारे बाळ एकाएकी परका चेहरा पाहून ओठ काढते, तेव्हा घरात ‘दृष्ट लागली’ अशी कुजबूज होते. खरे पाहता बाळाची स्मरणशक्ती वाढली, आपले कोण व परके कोण हे त्याला उमगले, याचीच ही खूण होय. हीच भीती पुढील वर्षभर कमीअधिक प्रमाणात टिकते.

त्यानंतरही काही मुले भिडस्त राहतात. अलेक्झांडर टॉमस व स्टेला चेस या दांपत्याने न्यूयॉर्क येथे १९५६ पासून अनेक वर्षे चालविलेल्या अभ्यासात मुलांच्या उपजत प्रकृतीचे प्रकार वर्णिले. सुमारे ४० टक्के मुले सहज मिसळणारी, १० टक्के हाताळण्यास कठीण, आणि १५ टक्के हळूहळू रुळणारी आढळली. उरलेल्यांत गुणांची सरमिसळ होती. हळूहळू रुळणारे मूल भित्रे नसते. त्याला वेळ लागतो, एवढेच. आमच्या खात्याचे छायाचित्रकार हे मानसशास्त्राच्या पुस्तकांवाचून जाणतात. बालवाडीच्या कार्यक्रमात जे मूल कॅमेरा पाहून तोंड फिरवते, त्याच्यामागे ते लागत नाहीत. कॅमेरा खाली ठेवून, मुलाकडे न पाहता, जवळच जमिनीवर बसून ते बुटाचे बंद सोडू-बांधू लागतात. थोड्या वेळाने ते मूल स्वतःहून बंद ओढावयास येते, आणि उत्तम छायाचित्र मिळते. याउलट, व्यासपीठावरील मान्यवरांच्या हाती रडणारे मूल सोपवून टाळ्या पिटणारे संयोजकही आम्ही पाहतो. त्या छायाचित्रांत मान्यवरांचाही चेहरा मुलाइतकाच केविलवाणा येतो.

चारचौघांत ‘हा फार लाजाळू आहे हो’ असे मुलादेखत सांगणे टाळावे. मुलाला शब्दांपेक्षा स्वर आधी समजतो, आणि आपल्याविषयी घरात काय बोलले जाते ते तेच खरे मानते. ‘तिला थोडा वेळ द्या, मग येईल’ एवढे म्हटले तरी पाहुण्याचा मान राहतो व मुलाचाही.

येथे आरंभीच्या नातवाकडे पुन्हा वळणे भाग आहे. ज्या घरात अनेक माणसांत मूल वाढते, तेथे ते सहज कोणाच्याही कडेवर जाते, यात वावगे काही नाही. परंतु कोणालाही बिलगणे म्हणजे सुरक्षित मन असे समजू नये. रुमानियातील अनाथालयांत वाढलेल्या बालकांविषयी बुखारेस्ट येथे २००१ साली एक अभ्यास सुरू झाला व त्यात १३६ बालके समाविष्ट होती. अशा संस्थांतील कित्येक मुले कोणाही अनोळखी माणसाचा हात धरून चालू लागत, कारण त्यांना आपले असे खास माणूसच लाभले नव्हते. कुटुंबात सोपविलेल्या मुलांची प्रगती संस्थेत राहिलेल्यांपेक्षा अनेक बाबतींत चांगली झाली. तेव्हा जगाशी हसूनखेळून वागणारे, पण दुखल्याखुपल्यावर आपल्या माणसाकडे धाव घेणारे मूल, हेच आपले उद्दिष्ट असावे.

मागील दाराने जाऊ नये

नोकरीवर निघालेल्या मातेची सकाळ आपण सर्वांनी पाहिली आहे. आजी मुलाला ‘चल, काऊ दाखवते’ म्हणून परसात नेते आणि आई पुढील दाराने निसटते, किंवा याच्या उलट. त्या दिवसापुरते रडणे टळते. दुसऱ्या दिवसापासून मात्र मूल आईला क्षणभर दृष्टीआड होऊ देत नाही, न्हाणीघराच्या दारापाशी बसून राहते, काऊ पाहावयास तर मुळीच जात नाही. त्याने एवढाच धडा घेतलेला असतो की, लक्ष दुसरीकडे गेले की आई नाहीशी होते.

सांगूनसवरून, हसतमुखाने व थोडक्यात निरोप घ्यावा. ‘आई कचेरीत जाते, तू जेवून झोपून उठलास की येते,’ असे मुलाच्या दिनक्रमाच्या भाषेत सांगावे, कारण ‘पाच वाजता’ याचा अर्थ त्याला कळत नाही. मूल रडेल, रडू द्यावे, पण ते परिचित व्यक्तीच्या कडेवर असताना. एकदा निघाल्यावर पुन्हा पुन्हा मागे येऊ नये. आणि परतल्यावर चहा व भ्रमणध्वनी बाजूला ठेवून पहिली दहा मिनिटे त्याचीच असावीत. पदरामागे तोंड लपवून ‘कुक’ करण्याचा जो खेळ आपल्या घरोघरी चालतो, तो या दृष्टीने उत्तम शिक्षण आहे. गेलेला चेहरा परत येतो, ही खात्री मूल त्यातून हसत हसत मिळविते.

मूल रुग्णालयात ठेवावे लागले तर हाच विचार अधिक महत्त्वाचा ठरतो. जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ साली रुग्णालयातील एका दोन वर्षांच्या मुलीवर चित्रपट काढला. आईवाचून राहिलेली ती मुलगी वरकरणी शांत, पण आतून कशी मिटत गेली, हे त्यात दिसले. त्या काळी इंग्लंडमध्ये आईवडिलांना भेटीस क्वचितच परवानगी असे. १९५९ च्या प्लॅट समितीच्या अहवालानंतर हे धोरण पालटू लागले. आपल्याकडे बाळाबरोबर माणूस राहण्याची रीत पूर्वीपासून आहे, ती सोडू नये.

दूरदेशीचे वडील

गोमंतकातील अनेक घरांचा हा खास प्रश्न आहे. वडील आखातात किंवा बोटीवर. बाळ सहा महिन्यांचे असताना गेलेले, ते दीड वर्षाचे झाल्यावर परत येतात. दाबोळी वा मोपा येथील विमानतळावर सारे घर उभे असते, वडील धावत येऊन मुलाला उचलतात आणि मूल किंचाळून आजीच्या गळ्याला मिठी मारते. बापाच्या मनाला त्या क्षणी काय वाटत असेल! त्यात कोणीतरी ‘स्वतःच्या बापालाही ओळखत नाही’ असा शेरा मारते. तो शेरा अन्यायाचा आहे. पडद्यावर रोज दिसणारा हसरा चेहरा आणि दाढीचा, घामाचा, मोठ्या आवाजाचा हा प्रत्यक्ष माणूस एकच आहेत, हे जुळवून घेण्यास दीड वर्षाच्या मुलाला अवधी हवा.

येण्यापूर्वीची तयारी उपयोगी पडते. लहान मुलांना पडद्यापासून दूर ठेवा असे सांगणाऱ्या अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१६ च्या सूचनांत दूरच्या नातलगांशी समोरासमोर बोलण्याचा अपवाद केला आहे. मात्र ‘जेवलास का? पापा दे’ एवढ्यावर संभाषण थांबू नये. वडिलांनी रोज तेच गाणे म्हणावे, तोच खेळ करावा, आईने मुलाला मांडीवर घेऊन त्यात भाग घ्यावा. वडिलांचा एखादा सदरा घरात मुलाच्या परिचयाचा असावा.

घरी आल्यावर वडिलांनी जमिनीवर बसावे. मुलाला बोलावू नये. आई दिसेल अशा जागी राहून खेळण्यांशी आपणच खेळू लागावे. जे मूल विमानतळावर किंचाळले, तेच पुढे येऊन डब्याचे झाकण हाती देते, आणि तेवढ्याने आरंभ होतो. सर्व खेळणी पहिल्याच सायंकाळी पिशवीतून काढू नयेत. मूल गोंधळते व माणसापेक्षा पिशवीची वाट पाहू लागते. त्याऐवजी मुलाच्या दिनक्रमातील एक काम वडिलांनी आपले करावे. सकाळी पोदेराच्या सायकलीचा भोंगा ऐकू आला की मुलाला घेऊन फाटकापर्यंत जावे, पाव घ्यावेत, पोदेराशी दोन शब्द बोलावे. रोजची ही पाच मिनिटे दुबईच्या खेळण्यापेक्षा अधिक काम करतात, आणि चारचौघांशी बोलण्याचा धडाही मुलाला आपोआप मिळतो. एक नाजूक गोष्टही सांगितली पाहिजे. इतके दिवस आईच्या कुशीत झोपणाऱ्या मुलाला वडील आल्याच्या पहिल्याच रात्री आजीच्या खोलीत हलवू नये. त्याच्या हिशेबी या नव्या माणसाने त्याची आई नेली, असा त्याचा अर्थ होतो. शिस्त लावण्याचे कामही वडिलांनी पहिल्या आठवड्यात अंगावर घेऊ नये.

रजा संपते. पुन्हा निरोप येतो. तेव्हाही मूल झोपले असताना निघून जाण्याचा मोह टाळावा. गेल्यानंतर काही दिवस मूल रात्री उठते, चिडचिडते, आईला सोडत नाही. तो हट्ट नसून विरह असतो. अशा वेळी शेजाऱ्यांनी थट्टेने ‘गेला तुझा बाबा तुला टाकून’ असे म्हणू नये, म्हणाल्यास आजीने त्यांना तेथेच थांबवावे.

माया द्यावयास कसे शिकते

लाघवीपणा म्हणजे पाहुण्यांना पापा देणे नव्हे. मुलाची इच्छा नसताना ‘काकांना पापा दे, नाहीतर काका रागावतील’ अशी बळजबरी करू नये. हात जोडून नमस्कार, हात हलवून टाटा, एवढे पुरे आहे. स्वतःच्या अंगाला कोणी हात लावावा हे ठरविण्याचा अधिकार मुलालाही आहे, ही जाणीव त्याच्या सुरक्षिततेसाठी पुढे मोलाची ठरते.

खरी माया दुसऱ्याचे मन ओळखण्यातून येते, आणि ती अपेक्षेहून लवकर येते. रेपाचोली व गॉपनिक यांच्या १९९७ च्या प्रयोगात मुलांसमोर एक आवडती बिस्किटे व एक नावडती भाजी ठेवली. प्रयोग करणारी बाई भाजी खाऊन आनंद दाखवी व बिस्किटे खाऊन तोंड वाकडे करी. नंतर तिने हात पुढे केल्यावर चौदा महिन्यांच्या मुलांनी तिला बहुधा बिस्किटेच दिली. अठरा महिन्यांच्या मुलांनी भाजी दिली. आपल्याला जे आवडते ते दुसऱ्याला आवडेलच असे नाही, हे चार महिन्यांच्या अंतराने उमगले होते. वारनेकेन व टोमासेलो यांनी २००६ साली दाखविले की, अनोळखी माणसाच्या हातून पडलेली वस्तू अठरा महिन्यांची मुले न सांगता उचलून देतात. पुढे २००८ च्या प्रयोगात मदतीबद्दल बक्षीस मिळालेली मुले नंतर कमी मदत करू लागली, असे आढळले. चॉकलेटचे आमिष दाखवून चांगुलपणा शिकविणाऱ्यांनी हे अवश्य ध्यानी घ्यावे.

तेव्हा मुलाला कामात घ्यावे. वाळत घातलेले रुमाल उचलून आणणे, कोंबड्यांना दाणे टाकणे, आजोबांची काठी देणे, हे त्याला खेळाइतकेच प्रिय असते. थोडी सांडलवंड होईल. खेळणी वाटून घेण्याची अपेक्षा मात्र दोन वर्षांच्या मुलाकडून करू नये. या वयात मुले शेजारी शेजारी बसून आपापला खेळ खेळतात, आणि ‘माझे’ म्हणजे काय हे समजल्यावाचून ‘तुझे’ समजत नाही. एखाद्याने दुसऱ्यास चावा घेतला तर आधी रडणाऱ्याला जवळ घ्यावे, मग चावणाऱ्यास थोडक्यात व ठामपणे सांगावे. उलट चावून दाखविणे ही पद्धत काही घरांत शिकवण म्हणून चालते. ती क्रूर आहे आणि तिने चावणे थांबत नाही.

बागुलबुवा, पोलीस, सुई टोचणारा डॉक्टर आणि जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण, या चौघांच्या नावाने भीती घालून आपण पिढ्यानुपिढ्या मुलांना जेवविले. तेच मूल दवाखान्यात डॉक्टरांना पाहून आक्रोश करते, तेव्हा आश्चर्य कसले? ‘बोहारणीला देऊन टाकीन’ या वाक्यात तर आई आपल्याला देऊन टाकू शकते, असा भयंकर अर्थ आहे.

जत्रा आणि शिगमो यांविषयीही दोन शब्द. ढोल-ताशांच्या अगदी पुढ्यात मुलाला खांद्यावर घेऊन उभे राहणे हे धीट करण्याचे साधन नव्हे. दुरून पाहावे, आवाज ओळखीचा होऊ द्यावा, मूल जवळ जाण्यासाठी हात पुढे करील तेव्हा चार पावले पुढे जावे. अशा वेळी मूल आधी आपल्या माणसाच्या चेहऱ्याकडे पाहते. तो चेहरा निर्धास्त असेल तर अर्धे काम झाले.

घरात मराठी, अंगणात कोंकणी, दूरदर्शन संचावर हिंदी, यामुळे मूल बुजते किंवा उशिरा बोलते, असे मानण्यास आधार नाही. बेळगाव, इंदूर, बडोदा येथील मराठी घरांतील मुले दोन-तीन भाषांत सहज वावरत आली आहेत. बोलणे खुंटते ते माणसे बोलेनाशी झाल्याने. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार दोन वर्षांखालील मुलांना पडद्यापुढे बसविणे इष्ट नाही, आणि दोन वर्षांनंतरही दिवसाकाठी एक तासाहून अधिक नसावे. घास भरविण्यासाठी भ्रमणध्वनी हाती देण्याची सवय लागली असेल तर ती एका दिवसात सुटणार नाही; प्रथम एका जेवणापुरती सोडावी.

अंगणवाडीचे साहाय्य

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली. मुलांना शाळेकडे ओढण्यापेक्षा बालवाडीच मुलांच्या अंगणात न्यावी, हा प्रयोग पद्मभूषण ताराबाई मोडक यांनी बोर्डी व कोसबाड येथे अनुताई वाघ यांच्या साथीने त्यापूर्वीच केला होता, हे मराठी वाचकांस सांगावयास नको. अंगणवाडीतील पूर्वप्राथमिक शिक्षण तीन वर्षांपासून असले तरी त्याआधीच्या वयातही तेथे मुलाचे वजन-उंची पाहिली जाते व पालकांना मार्गदर्शन मिळते. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २०२४ साली ‘नवचेतना’ या नावाने जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या बालकांसाठी आराखडा प्रसिद्ध केला आहे. घरी मुलांशी कसे बोलावे, खेळावे याचे कार्य त्यात सुचविले आहे.

भिडस्तपणा व विकासातील अडचण यांतील भेद पालकांनी ओळखला पाहिजे. वर्षाचे मूल नावाने हाक मारल्यावर वळून पाहत नसेल, दीड वर्षाचे मूल बोटाने वस्तू दाखवीत नसेल, दोन वर्षांचे मूल दोन शब्द जोडून बोलत नसेल, घरच्या माणसांच्याही नजरेला नजर देत नसेल, किंवा येत असलेले शब्द गमावून बसले असेल, तर ‘याचे वडीलही उशिराच बोलले’ असे म्हणून वाट पाहू नये. प्रथम कानांची तपासणी करून घ्यावी, कारण ऐकू कमी येणारे मूलही अबोल दिसते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली २०१३ पासून अंगणवाडीतील बालकांची वैद्यकीय पथकाकडून वर्षातून दोनदा तपासणी करण्याची तरतूद आहे. पथक येण्यास अवधी असेल तर अंगणवाडी सेविकेकडून चिठ्ठी घेऊन जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. जाताना मूल घरी कसे खेळते व कोणते शब्द बोलते, हे एका कागदावर लिहून न्यावे, कारण अनोळखी खोलीत ते डॉक्टरांसमोर यांतील काहीच करून दाखविणार नाही.